घराला खोली जोडताना बाथरूमही नवं करताय? आधी कामाचा क्रम लावून घ्या

घराला एक खोली वाढवायची आणि त्याच वेळी जुनं बाथरूमही नवं करून घ्यायचं, असं बरेच जण ठरवतात. विचार चांगला आहे. घरात धूळ एकदाच होते, गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन एकदाच येतात. चूक होते ती ही दोन वेगळी कामं समजून दोन वेगळ्या माणसांना देण्यात. मग टाइल बसल्यावर लक्षात येतं की बाथरूमची खिडकी आता नव्या खोलीत उघडते. ड्रेनेजचं चेंबर नव्या फरशीखाली गाडलं गेलेलं असतं आणि दोन्हीकडच्या फरशीत न जुळणारी पायरी पडलेली असते.

या दोन कामांत ड्रेनेजची लाइन, मधली भिंत आणि फरशीची लेव्हल सामाईक असते, म्हणून काम एकच धरायचं. दुसरी गोष्ट: जे काही पुढे झाकलं जाणार आहे, ते झाकण्याआधी तपासायचं. पाइप, वायर, वॉटरप्रूफिंग यांतलं काहीही टाइल लागल्यानंतर दुरुस्त करायचं म्हणजे पुन्हा तोडफोडच.

## टप्पा १: कागदावर दोन्ही कामं एकत्र मांडा

घराचा नकाशा नसेल तर टेप घेऊन स्वतः काढा. सुबक नसला तरी चालेल, मापं मात्र खरी हवीत. त्यावर नवी खोली आखा आणि तिच्या जागेत आज काय काय आहे ते शोधा:

- ड्रेनेजची चेंबरं आणि त्यांना जोडणाऱ्या लाइन
- पाण्याच्या टाकीतून येणारा पाइप, मीटर, अर्थिंगचा खड्डा
- जुन्या छताचं पावसाचं पाणी खाली आणणारे पाइप
- बाथरूमची खिडकी किंवा झरोका

शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त निसटतो. बाथरूम बहुधा घराच्या बाहेरच्या भिंतीला असतं आणि नवी खोलीही बाहेरच्या भिंतीलाच जोडली जाते. खोली उभी राहिली की बाथरूमची हवा बंद होते. एक्झॉस्ट फॅन लावू, हे त्यावरचं अर्धंच उत्तर आहे. फॅनची हवा नव्या खोलीत किंवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडली, तर ओल आणि बुरशी तिथे लागते. मोकळ्या हवेपर्यंत डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारी नळी, कुठून न्यायचा हे आत्ताच ठरवा, कारण स्लॅबमधून किंवा बीमखालून तो न्यायचा असेल तर भोक आधीच सोडावं लागतं.

बांधकामाची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग याच टप्प्यावर हातात हवं. कुठली भिंत भार घेते हे डोळ्यांनी बघून सांगता येत नाही. "नुसती विटांची आहे, काढून टाकू" असं कुणी म्हणालं, तरी इंजिनिअरने बघितल्याशिवाय त्या भिंतीला हात लावू देऊ नका.

तपासा: घरात संडास-बाथरूम एकच आहे का? असेल आणि नव्या खोलीला जोडून दुसरं होणार असेल, तर नवं आधी पुरं करा, वापरात आणा आणि मगच जुनं तोडा. दुसरं होणारच नसेल, तर तेवढ्या दिवसांची सोय तोडफोडीच्या आधी करा.

## टप्पा २: वस्तू आधी, पाइप नंतर

प्लंबरने पाइप टाकून ठेवले आणि मग कमोड पसंत करायला निघाले, हा उलटा क्रम झाला. कमोड, डायव्हर्टर (गरम-थंड पाणी मिसळून नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा, भिंतीत बसणारा नळ), बेसिन, नाहणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जिथून जातं तो, आत पाणी धरून गटाराचा वास अडवणारा भाग) आणि टाइल या पाच गोष्टी तोडफोड सुरू होण्याआधी निश्चित झालेल्या हव्यात. शक्यतो त्या घरात आलेल्याही असाव्यात.

कमोडचं बघा. त्याचा मैला खाली जमिनीत जातो की मागे भिंतीत, यावर लाइनची जागा ठरते. खाली जाणाऱ्या कमोडच्या तक्त्यात भिंतीपासून ट्रॅपच्या सेंटरपर्यंतचं अंतर दिलेलं असतं. हे अंतर टाइलच्या पृष्ठभागापासून मोजलेलं असतं, उघड्या विटेपासून नव्हे. तक्त्यात ३०० मिमी असेल, प्लास्टर १५ मिमी आणि चिकटवण्याच्या थरासह टाइल १५ मिमी धरली, तर विटेपासून ३३० मिमीवर सेंटर यायला हवं. हे ३० मिमी विसरले की फ्लशची टाकी भिंतीला घासते किंवा कमोड बसतच नाही.

टाइल मापापेक्षा साधारण दहा टक्के जास्त घ्या आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच असल्याची खात्री करा. त्याच डिझाइनची पण वेगळ्या बॅचची टाइल भिंतीवर शेजारी बसली की छटेतला फरक लगेच उठून दिसतो.

## टप्पा ३: एक मीटरची रेघ

या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही रेघ. तिला अर्धा तास लागतो आणि तिच्या अभावी होणारे वाद महिनोन्‌महिने चालतात.

घरातल्या सध्याच्या तयार फरशीपासून बरोबर एक मीटर उंचीवर भिंतीवर खूण करा. पारदर्शक नळीत पाणी भरून, म्हणजे लेव्हल ट्यूबने, तीच उंची बाथरूमच्या चारही भिंतींवर आणि दारांच्या बाजूंवर न्या. नवी खोली उभी राहिली की तिच्या भिंतींवरही न्या. लेसर लेव्हल असेल तर काम झटपट होतं. नळी वापरताना तिच्यात हवेचा बुडबुडा राहिलेला नाही हे बघा, नाहीतर खूण चुकते. गिलावा खरवडला जाणार असेल तिथे रेघ चौकटीवर किंवा न तुटणाऱ्या भागावर ठेवा आणि नव्या गिलाव्यावर पुन्हा उतरवा.

आता सगळी मापं या रेघेपासून खाली मोजायची. समजा बाथरूमची तयार फरशी दारापाशी बाहेरच्या फरशीपेक्षा १५ मिमी खाली ठेवायची आहे, दारापासून नाहणीपर्यंतचं अंतर २४०० मिमी आहे आणि उतार १:८० द्यायचा आहे. २४०० ला ८० ने भागलं की ३० येतात. म्हणजे दाराच्या आत फरशी रेघेच्या खाली १०१५ मिमीवर आणि नाहणीच्या तोंडाशी १०४५ मिमीवर हवी. हे दोन आकडे भिंतीवरच लिहून ठेवा. पुढे कोबा, वॉटरप्रूफिंग, टाइल कुठलाही थर सुरू असो, टेप लावून कुणालाही तपासता येतं.

त्या १०४५ मध्ये ट्रॅपवर येणाऱ्या थरांची जाडी मिळवत गेलं की ट्रॅप रेघेखाली किती खोल बसवायचा ते कळतं. ट्रॅप अंदाजाने बसवला आणि तो पाच-दहा मिमी वर राहिला, तर नंतर कितीही चांगला टाइलवाला आणा, पाणी दाराकडेच येणार.

## टप्पा ४: ड्रेनेज हलवा, मग पाया खणा

नव्या खोलीखाली येणारी चेंबरं पाया खणण्याआधी बाहेर न्यायची. झाकण लावून वर फरशी घालू, हा सल्ला ऐकू नका. लाइन तुंबते तेव्हा चेंबर उघडावंच लागतं. लाइन खोलीखालूनच जाणार असेल, तर ती सरळ जाऊ द्या, मध्ये वळण किंवा जोड ठेवू नका आणि दोन्ही टोकांना बाहेर चेंबर ठेवा. ११० मिमीच्या मैल्याच्या पाइपला साधारण १:४० उतार द्या, म्हणजे दर मीटरला २५ मिमी.

पाया खणताना जुन्या घराच्या पायाच्या तळापेक्षा खाली जाऊ नका. जावंच लागणार असेल तर ते इंजिनिअरच्या सांगण्यावरून, लहान लहान तुकड्यांत आणि प्रत्येक तुकडा भरून झाल्यावरच पुढचा खणत. जुन्या पायाशेजारी लांबच लांब चर एकदम उघडा टाकला, तर जुन्या पायाखालची माती सरकू शकते.

सावधान: चर उघडा असताना पाऊस आला तर पाणी आधी उपसा. भिजून मऊ पडलेला मातीचा थर काढल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका.

## टप्पा ५: भिंती, स्लॅब आणि जुन्या-नव्याचा सांधा

नवं बांधकाम सुरुवातीच्या काळात थोडं बसतं, जुनं बसून झालेलं असतं. म्हणून दोन्ही एकसंध करण्याचा अट्टहास नको. इंजिनिअरने अंतर सोडायला सांगितलं असेल तर ते छतापर्यंत सरळ ठेवा आणि गिलावा करताना सिमेंटने बुजवू नका. त्यात फोमचा दोर बसवून वरून लवचिक सीलंट भरा. छतावर या सांध्यावर पत्र्याची वाकवलेली पट्टी हवी. ती जुन्या भिंतीत खोवलेली आणि नव्या छतावर मोकळी असावी, म्हणजे छत हललं तरी पाणी आत येत नाही. सांध्यावर सिमेंट फासून वर रंग दिला तर काही महिन्यांत तिथे सरळ तडा दिसतो, आणि लोक गवंड्याच्या हाताला दोष देतात.

विटा आणि आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट, जिथे भेटतात तिथलं वेगळं. तिथे गिलाव्याआधी जाळीची पट्टी दोन्ही बाजूंना सारखी येईल अशी ठोका.

स्लॅबला पाणी मारणं साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस. दिवसातून दोनदा शिंपडणं पुरत नाही, पृष्ठभाग सतत ओला राहायला हवा. वाफे करून पाणी साठवणं उत्तम. टेकू कधी काढायचे हे इंजिनिअरला विचारूनच ठरवा, फळ्या लवकर हव्यात म्हणून नव्हे.

मधली भिंत फोडून दार काढायचं काम सर्वांत शेवटी. नवी खोली छतासह बंद होईपर्यंत ती भिंत घराला ऊन-पावसापासून आणि धुळीपासून वाचवत असते. फोडताना आधी वरचा भार टेकूंवर घ्या, मग लिंटेल, म्हणजे दारावरची भार घेणारी आडवी तुळई, बसवा आणि मगच खालच्या विटा काढा. लिंटेल दोन्ही बाजूंना भिंतीवर किमान १५० मिमी टेकलेलं हवं.

## टप्पा ६: बाथरूमची तोडफोड

नव्या खोलीचा स्लॅब पडून पाणी मारणं सुरू असतं, तो काळ या कामाला सोयीचा. आधी पाणी आणि वीज त्या भागापुरती बंद. मग फिटिंग, मग भिंतीच्या टाइल वरून खाली, शेवटी फरशी. ट्रॅप आणि मैल्याच्या पाइपची तोंडं पहिल्याच दिवशी घट्ट बंद करा. तोडफोडीचा राडारोडा लाइनमध्ये गेला की तो काढायला लाइनच फोडावी लागते.

जुना गिलावा टिचकी मारून बघा. पोकळ वाजला तर विटेपर्यंत काढा. त्यावर नवी टाइल चिकटवली तर ती गिलाव्यासकट सुटते.

सावधान: जुने पाइप किंवा पत्रे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असू शकतात. शंका असेल तर फोडू, कापू किंवा घासू नका. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

## टप्पा ७: पाइप आणि वायर

भिंतीत झिरी मारताना उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच जागी झिऱ्या नकोत. बीम किंवा कॉलममध्ये तर कधीच नकोत.

गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप वापरा. त्याचं सोल्युशनही, म्हणजे जोड चिकटवायचा द्रव, सीपीव्हीसीचंच हवं. डायव्हर्टरच्या बॉडीवर प्लास्टिकचं आवरण असतं आणि त्यावर दोन खुणा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. प्लंबर बॉडी विटेच्या पातळीला बसवून मोकळा होतो. अशा वेळी भिंतीला सूतदोरी लावून, पुढे येणाऱ्या टाइलची पातळी दाखवून, बॉडी त्याच्यासमोरच पुढेमागे करून घ्या. आत गेलेल्या बॉडीला वरचं नॉब लागत नाही, बाहेर आलेलीला झाकणी टेकत नाही.

नाहणी ट्रॅपमध्ये पाण्याचा थर किमान ५० मिमी राहायला हवा. विकत घेतानाच ट्रॅपमध्ये पाणी ओता आणि पट्टी बुडवून बघा. उथळ ट्रॅपमधलं पाणी लवकर सुकतं आणि गटाराचा वास घरात येतो. हा वास आला की लोक फिनाइलच्या बाटल्या रिकाम्या करतात, दोष मात्र ट्रॅपमध्ये असतो.

विजेचं थोडक्यात: गीझरला स्वतंत्र सर्किट, अर्थिंग पक्कं, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), आणि स्विचबोर्ड शक्यतो बाथरूमच्या बाहेर. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच.

तपासा: झिऱ्या बुजवण्याआधी सगळी तोंडं बंद करून, लाइनमधली हवा काढून, हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्या. सोल्युशन सुकायला पाकिटावर दिलेला वेळ आधी गेलेला हवा. पंपाच्या काट्याकडे निदान दोन तास लक्ष ठेवा. काटा उतरला तर सगळे जोड एकेक करून हाताने चाचपा. ओल हाताला लागते, डोळ्यांना पुष्कळदा दिसत नाही.

चाचणी पार पडली की प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, भिंतीवर टेप लावलेला दिसेल असे. पुढे आरसा किंवा टॉवेलची दांडी लावायला भोक पाडाल तेव्हा पाइप कुठे आहे ते कळेल.

## टप्पा ८: वॉटरप्रूफिंग

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पुष्कळ ठिकाणी सपाट तळावर वॉटरप्रूफिंग करतात आणि उतार वरच्या कोब्यात देतात. टाइलच्या सांध्यांतून झिरपणारं थोडं पाणी मग त्या सपाट थरावर साचून राहतं. माझं ठाम मत आहे की उताराचा कोबा आधी करावा आणि वॉटरप्रूफिंग त्या उतारावर करावं. म्हणजे झिरपलेलं पाणीही नाहणीकडेच जातं. बाथरूमचा स्लॅब खाली उतरवलेला असेल, तर तळाला एकदा आणि भराव घालून उतार केल्यावर वर पुन्हा, असं दोनदा करायचं. चाचणीही दोन्ही वेळा घ्यायची.

क्रम असा:

१. पाइप स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातात तिथल्या फटी न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे फटी बुजवायच्या मसाल्याने, भरा. बहुतेक गळती इथूनच होते.

२. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात सिमेंट-वाळूचा गोलाकार वाटा काढा. काटकोनात थर तुटतो.

३. पृष्ठभाग झाडून, धुऊन ओलसर करा. पाणी साचलेलं नको.

४. कोपऱ्यात आणि ट्रॅपभोवती फायबरची जाळी पहिल्या थरात बसवा.

५. वॉटरप्रूफिंगचा पहिला हात ज्या दिशेने मारला, त्याच्या आडव्या दिशेने दुसरा. दोन हातांमधला वेळ पाकिटावर दिला असेल तेवढा द्या.

६. थर फरशीवर संपूर्ण, सगळ्या भिंतींवर किमान ३०० मिमी आणि शॉवरच्या भिंतीवर निदान १८०० मिमीपर्यंत न्या. उंबरठ्यावर चढवा आणि ट्रॅपच्या तोंडात आतपर्यंत वळवा.

थर पूर्ण सुकल्यावर ट्रॅप बंद करा, दाराशी तात्पुरता बांध घाला आणि दाराच्या टोकालाही पाणी चढेल इतकं भरा. भिंतीवर पाण्याच्या कडेला पेन्सिलने खूण करा. आता एका बादलीत तेवढ्याच उंचीचं पाणी घेऊन ती बाथरूममध्येच ठेवा आणि तिच्यातही खूण करा. किमान ४८ तास थांबा. पाणी हवेत उडूनही कमी होतं, त्यामुळे फरशीवरची पातळी आणि बादलीतली पातळी सारखीच उतरली असेल तर चिंता नाही. फरशीवरची जास्त उतरली असेल तर गळती आहे. खाली खोली असेल तर तिचं छत आणि चारही बाजूंच्या भिंतींचा तळ रोज हात लावून बघा.

सावधान: चाचणीनंतर या थरावर शिडी, घमेली, विटा ठेवू देऊ नका. पोती अंथरा. एका खिळ्याने पडलेलं भोक दिसत नाही.

## टप्पा ९: टाइल

आधी टाइल कोरड्याच मांडून बघा. कापलेले तुकडे दारामागे किंवा कमोडच्या आडोशाला जातील अशी सुरुवात निवडा. एकाच बिंदूवरच्या नाहणीकडे चारही बाजूंनी उतार असेल, तर मोठी टाइल न कापता बसत नाही. एक तर लहान टाइल घ्या, नाहीतर मोठी टाइल तिरकी कापा, किंवा भिंतीलगत लांब चॅनेल टाकून उतार एकाच दिशेने करा.

भिंतीची सुरुवात तळापासून दुसऱ्या ओळीने, खाली सरळ पट्टी ठोकून. पट्टीचे खिळे वॉटरप्रूफिंगच्या थरात जाता कामा नयेत. शॉवरच्या भिंतीला पट्टी खालून टेकू देऊन धरा. मग फरशी, आणि शेवटी भिंतीची तळची ओळ. म्हणजे भिंतीची टाइल फरशीच्या टाइलवर येते आणि पाणी सांध्यात न शिरता घरंगळतं.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटला ती धरत नाही. टाइल ॲडेसिव्हच वापरा, दातेरी थापीने सलग पसरून. चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून टाइल दाबायची सवय काही कारागिरांना असते. ती थांबवा, त्या गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साचतं आणि टाइल तडकते.

तपासा: सुरुवातीच्या तासाभरात एखादी नुकतीच लावलेली टाइल उचलायला सांगा. मागची बाजू पूर्ण माखलेली दिसली पाहिजे.

ग्राउट दुसऱ्या दिवशी भरा. भिंत-फरशीच्या कोपऱ्यात मात्र ग्राउट नको, तिथे सिलिकॉन सीलंट हवा, कारण तो सांधा हलतो. सगळं सुकलं की दारापाशी बादलीभर पाणी ओता. पाच मिनिटांनी कुठे डबकं राहिलं का ते बघा, टेप लावून १०१५ आणि १०४५ हे आकडेही पडताळा. टाइलवाल्याचा हिशेब त्यानंतर.

## टप्पा १०: फिटिंग आणि पहिला वापर

नळाच्या जाळ्या आणि शॉवर लावण्याआधी सगळ्या लाइन काही मिनिटं मोकळ्या सोडा. सुरुवातीला वाळू आणि पाइपचा कीस येतो. तो डायव्हर्टरमध्ये अडकला तर नवा नळ पहिल्याच आठवड्यात ठिबकू लागतो.

कमोडच्या स्क्रूसाठी फरशीत भोक पाडताना मैल्याचा पाइप कुठून गेला आहे ते फोटोत बघा. भोकात आधी सिलिकॉन भरा आणि मग स्क्रू घाला, कारण हे भोक वॉटरप्रूफिंगच्या थरातून जातं. कमोडच्या बुडाशी लावलेलं सीलंट सुकेपर्यंत तो वापरू नका.

नव्या खोलीचा रंग शक्य असेल तर गिलावा पूर्ण वाळल्यावरच द्या. पहिल्या मोठ्या पावसात जुन्या-नव्या सांध्याची रेघ आतून हाताने तपासा. ओल लागली तर आतून पुट्टी भरू नका. पाणी बाहेरून येतं, त्यामुळे छतावरची पट्टी आणि बाहेरचं सीलंट काढून नव्याने भरून घ्या.